जपून चालवलेली गाडी

"नापास," धूर तपासणारा म्हणाला आणि सायलेन्सरमध्ये घातलेली नळी काढून फडक्याने पुसू लागला. "सिस्टर, ही गाडी आहे की वीटभट्टी?"

अंगावर पांढरा युनिफॉर्म असला की सगळं जग मला सिस्टरच म्हणतं. मी म्हटलं, अहो, पुन्हा एकदा लावून बघा, सकाळची गार आहे ती. त्याने पुन्हा लावून बघितलं. मशीनने पुन्हा तेच सांगितलं. मशीन काही माझ्या सासुरवाडीचं नाही, आग्रह केल्यावर ऐकायला, असं त्याचं म्हणणं पडलं. जुन्या डिझेल गाड्यांना आता नवा नियम लागला होता. धूर आटोक्यात आला नाही तर गाडी कायमची बाद. महिन्याभरात सुधारून आणा, नाहीतर भंगारात द्या, एवढं सांगून त्याने मागच्या गाडीला हात केला.

खरं म्हणजे मला तेव्हा धक्का बसायला हवा होता. बसला नाही. हे गेल्यापासून मला कसलाच धक्का बसत नव्हता. हे म्हणजे आमचे हे, माझा नवरा. जन्मात कधी नाव घेतलं नाही, आता कुठे नव्याने सुरू करू? कॅन्सर पाठीच्या मणक्यांत उतरला होता. शेवटचा श्वास मीच बघितला, डोळे मीच मिटवले, तोंड पुसलं, चादर बदलली. आयुष्यभर वॉर्डात जे केलं तेच केलं. लोक म्हणाले, रडून घ्या, मोकळं वाटेल. येतच नाही म्हटल्यावर काय कांदा चिरायला बसू? कमरेखाली भूल दिलेल्या पेशंटच्या पायाला चिमटा काढा, तो तुमच्याकडे बघून हसतो. माझं तसं झालं होतं. जेवत होते, झोपत होते, कामाला जात होते.

इस्पितळातून निवृत्त झाल्यावर मी घरोघरी जाऊन ड्रेसिंग करते. माझे बहुतेक पेशंट टेकडीवरच्या वस्तीत राहतात. तिथे बस जात नाही आणि भाड्याची गाडी चढ बघूनच माघारी वळते. आमची डिझेल गाडी ह्यांनी कुणाची तरी वापरलेली घेतली होती, तेव्हाच ती तरुण नव्हती. पण माझं सगळं काम तिच्यावर होतं. गाडी गेली की काम गेलं, आणि काम गेलं की मुलाकडे जाऊन राहायचं. मुलाच्या घरातली मागची खोली मी पाहून ठेवली होती. तिच्यात व्यायामाची सायकल आहे, कपडे वाळत घालायचा स्टँड आहे. तिसरी मी जाऊन पडणार होते.

मुलगा वाईट नाही हो. नापास झाल्याचं कळल्यावर त्याचा लगेच फोन आला. भंगारवाला ओळखीचा आहे, तो दारातून गाडी उचलून नेईल, असं म्हणाला. सूनबाईने खोलीला नवे पडदेसुद्धा बघून ठेवलेत म्हणाला. मी म्हटलं, माझे पेशंट आहेत.

"त्यांना दुसरी सिस्टर मिळेल, आई. तू आता तिथे कुणासाठी थांबलीयस?"

खरंच होतं त्याचं. दुधाचं भांडं गॅसवर होतं, ते उतू जाईल म्हणून मी फोन ठेवला. राग यायला हवा होता, तोही आला नाही.

मग सल्ले सुरू झाले. माझे दीर म्हणजे फुकटचा सल्ला आणि तोही घरपोच. त्यांनी टाकीत ओतायची एक बाटली आणली. तिने म्हणे इंजिन आतून धुऊन निघतं. ती ओतली, गाडीने पचवली, धूर होता तसाच राहिला. मग ते म्हणाले, एक छोटी डबी मिळते, ती वायरींना जोडली की गाडी घोड्यासारखी पळते. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तशातली गत. मी म्हटलं, भाऊजी, आधी घोडं कुठे पेंड खातंय ते तर कळू दे. ते रागावले, पण चहा पिऊन गेले.

गाडीची दशा खरोखर वाईट होती. टेकडीच्या अर्ध्या चढावर ती मान टाकायची. पहिल्या गिअरमध्ये घातली तरी नुसती ओरडायची, पुढे जायची नाही, आणि मागे सगळं काळंकुट्ट. एकदा काठी टेकत चाललेले एक आजोबा मला मागे टाकून गेले. जाता जाता काचेतून डोकावून म्हणाले, सिस्टर, घाई असेल तर चला माझ्याबरोबर. मी त्यांना हसून दाखवलं.

त्याच चढाच्या टोकाला शिवणकाम करणाऱ्या काकू राहतात. त्यांच्या पायाला साखरेच्या आजाराची जखम आहे, एक दिवसाआड ड्रेसिंग लागतं. त्यांनीच मला मौनीबुवाचं नाव सांगितलं. जुन्या डिझेल गाड्या त्याच्याइतक्या कुणाला कळत नाहीत, फक्त त्याच्याकडे जाताना कानात बोळे घालून जा, म्हणाल्या. मौनीबुवा हे लोकांनी ठेवलेलं नाव. तो कधीच गप्प बसत नाही म्हणून.

गॅरेज म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड होती, तेलाने काळी झालेली जमीन आणि भिंतीवर पान्हे टांगलेले. मौनीबुवा जाडसर, पन्नाशीचा, चष्मा कपाळावर. गाडीचं झाकण उघडायच्या आत त्याने मला त्याच्या गुडघ्याचं दुखणं, पत्र्याची गळती आणि मेव्हण्याचा हलकटपणा, सगळं सांगून टाकलं. मी आधीच स्पष्ट बोलले. नवे पार्ट घालायची माझी ऐपत नाही, जे होईल ते थोडक्यात करा.

"नवीन काही नकोच," तो म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाला आपण नवं काळीज बसवतो का, सिस्टर? पथ्यपाणी सांभाळायचं, पोट साफ ठेवायचं, अंगावरचं ओझं कमी करायचं. बस."

माझ्याच धंद्यातल्या गोष्टी तो मला शिकवत होता, पण मला बरं वाटलं. म्हणजे बरं वाटल्यासारखं झालं. त्याने चाकं हाताने फिरवून बघितली तर मागचं एक चाक ब्रेकमध्ये अडकून घासत होतं. हँडब्रेकची वायर गंजली होती. गाडी एवढे दिवस ब्रेक दाबूनच चालल्यासारखी चालत होती. टायरमध्ये हवा कमी होती. एअर फिल्टर काढला तर त्यात धूळ आणि एक वाळलेलं चिमणीचं पीस. टर्बोकडून येणाऱ्या रबरी पाइपला खालच्या बाजूने चीर होती, वरून दिसत नव्हती. ती त्याला बोट फिरवून सापडली. हे सगळं करताना तो अखंड बोलत होता. मग त्याने डिकी उघडली आणि विचारलं, हे काय?

डिकीत ह्यांची चाकाची खुर्ची होती. लोकरी गादी, तीन उशा, मेणकापड, प्लास्टिकचा टब, भांडं, चादरींचं गाठोडं. काढायचं राहून गेलं होतं. काढायचं नव्हतं असं काही नाही, नुसतं राहून गेलं होतं. मौनीबुवा म्हणाला, एवढं वजन घेऊन चढ चढते म्हणजे गाडीची कमालच आहे, हे आधी घरी ठेवा, हा सगळ्यात स्वस्त इलाज. मी ते घरी नेऊन उतरवलं. खुर्ची इस्पितळाला दिली, उशा उन्हात टाकल्या आणि मग संध्याकाळी आत घेतल्या. हात चालत होते, मी त्यांच्याबरोबर चालत होते.

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा इंजिनाचे काही भाग फडक्यावर मांडलेले होते. त्याने मला जवळ बोलावलं. हवा आत जाते तो पाइप त्याने उघडला होता. मनगट जाईल एवढा तो पाइप आतून डांबरासारख्या काजळीने भरला होता. मध्ये कसंबसं बोट जाईल एवढं भोक उरलं होतं. चरबीने बुजलेल्या रक्तवाहिन्यांची चित्रं आमच्या वॉर्डाच्या भिंतीवर असत. मी बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिले.

"गाडी कोण चालवतं?" मौनीबुवाने विचारलं.

"मीच."

"कशी चालवता?"

"जपून."

"तेच तर झालं ना, सिस्टर." त्याने पाइपात स्क्रू ड्रायव्हर खुपसून काजळीची एक ढेप बाहेर काढली. "जपून जपून मारलीत तुम्ही हिला."

मग त्याने समजावून सांगितलं. डिझेलच्या इंजिनाला अधूनमधून पळवावं लागतं, तापवावं लागतं, म्हणजे आतली काजळी जळून जाते. सतत वरच्या गिअरमध्ये गोगलगायीच्या चालीने चालवलं तर डिझेल धड जळत नाही. त्याचा धूर इजीआर नावाच्या झडपेतून पुन्हा इंजिनातच येतो, आणि थर बसत जातो. असं चालवायला कुणी शिकवलं तुम्हाला, बैलगाडीवाल्याने?

कुणी शिकवलं नव्हतं. माझं मलाच सापडलं होतं. हे मागच्या सीटवर आडवे असायचे. उपचारांना जायचं म्हणजे शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला. मणक्याला धक्का बसला की ह्यांचा चेहरा पांढरा पडायचा. खालच्या गिअरमध्ये गाडी हिसका देते, वरच्या गिअरमध्ये देत नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. म्हणून मी चौथ्यात टाकायचे आणि सायकलच्या वेगाने जायचे. मागून हॉर्न वाजायचे, लोक शिव्या द्यायचे. एकाने तर गाडी आडवी घालून, बाई, घरी जाऊन पोळपाट लाटणं सांभाळा, असं सुनावलं होतं. मी कानाला खडा लावला होता की कुणाला उत्तर द्यायचं नाही, फक्त धक्का बसू द्यायचा नाही.

एवढं सगळं मी मौनीबुवाला कुठे सांगणार! मी म्हटलं, "मागे पेशंट असायचा."

"रोज?"

"बरेच दिवस."

तो गप्प झाला. हातातली काजळी त्याने फडक्यावर हळूच ठेवली. मौनीबुवाचं मौन बघितलेली त्या भागातली पहिली व्यक्ती बहुधा मीच असेन. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "मग आता?"

"आता गेले."

"घरी?"

तो माझ्याकडे असा बघत होता की त्याला पेशंट इस्पितळातून सुटून घरी गेला असंच वाटलं होतं. आम्ही वॉर्डातसुद्धा तसंच म्हणतो, सात नंबर गेला का, आठ नंबर उद्या जाणार. मला त्याची चूक दुरुस्त करायचा कंटाळा आला. पुन्हा ते सगळं, कधी, कसं, फार त्रास झाला का. मी म्हटलं, "हो."

"बरं झालं. आराम आहे ना आता?"

"आहे," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते.

तेव्हापासून मी गॅरेजात गेले की तो आधी पेशंटची चौकशी करायचा. झोप लागते का? पाठ कशी आहे? आमच्या आईलाही असंच होतं म्हणायचा, तिला गरम पाण्याच्या पिशवीने बरं वाटायचं. मी हो हो करायचे. शपथ सांगते, मला ते आवडायला लागलं होतं. हे अजून असल्यासारखं बोलणारा तो एकटाच होता. बाकी सगळे आवाज खाली आणून बोलायचे.

काम पुढे सरकत होतं. पाइप आणि झडप त्याने रॉकेलमध्ये बुडवून, खरवडून, पुन्हा बुडवून साफ केली. डिझेल फवारणारे नोझल काढून ओळखीच्या माणसाकडून तपासून आणले, ते ठीक निघाले. चिरलेल्या पाइपच्या जागी भंगारातल्या गाडीचा चांगला पाइप कापून बसवला. हवेचा आणि डिझेलचा, दोन्ही फिल्टर मात्र नवे घातले, त्याला इलाज नव्हता. मुलाचा फोन आला की मी काम चालू आहे एवढंच सांगायचे. तो म्हणायचा, आई, हट्ट करतेयस. करतच होते.

मुदतीचा शेवटचा आठवडा लागला तेव्हा मौनीबुवाने सांगितलं की तपासणीआधी गाडी एकदा मोकळ्या रस्त्यावर पळवायची, आत उरलंसुरलं जळून जाईल. तो बाजूला बसला, चालवायला मी.

शहराबाहेरचा रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंना गोदामं, मग नुसती शेतं. मी सवयीने चौथ्यात टाकली.

"तिसऱ्यात," तो म्हणाला. "आणि आता दाबा पाय. दयामाया करू नका."

मला दाबता येईना. पाय पेडलवर ठेवलेला होता, पण खाली जाईना. मौनीबुवाला वाटलं मी घाबरले. तो म्हणाला, सिस्टर, मागे कोणी नाहीये. तो सहजच म्हणाला. मी आरशात बघितलं तर मागची सीट रिकामी होती, सीटवर दुपारचं ऊन पडलं होतं. मी पाय दाबला.

गाडी गरजली आणि पुढे झेपावली. आरशात मागचा रस्ता दिसेनासा झाला, एवढा काळा लोट निघाला. शेतात काम करणारी बाई पदर नाकाला लावून उभी राहिली. मौनीबुवा खूश होऊन ओरडत होता, निघू दे, निघू दे सगळं. मी बघत होते. इस्पितळात जातानाचे, येतानाचे ते सगळे हळूहळू काढलेले दिवस होते ते, आणि आम्ही ते रस्त्यावर सोडून चाललो होतो. वाईट वाटायला हवं होतं. मी स्टिअरिंग घट्ट धरलं. परत वळलो तेव्हा लोट राखाडी झाला होता, आणि शहराजवळ आलो तेव्हा आरशात रस्ता स्वच्छ दिसत होता.

तसेच तडक तपासणी केंद्रात गेलो. तोच माणूस, तीच नळी. त्याने गाडी रेस करायला लावली, एकदा, दोनदा, पुन्हा. मशीनकडे बघून चष्मा पुसला. मग म्हणाला, "पास. काय खाऊ घातलंत हिला?"

मौनीबुवाने त्याला ते सविस्तर सांगायला सुरुवात केली. मी मुलाला फोन लावला. पास झाली, म्हटलं. तो म्हणाला, बरं, आई. आणि मग म्हणाला, सावकाश चालव. पडद्यांचं त्याने काही काढलं नाही, मीही विचारलं नाही.

गॅरेजशी मौनीबुवाला सोडलं. हिशेब चुकता केला, पैसे त्याने सांगितल्यापेक्षा कमीच घेतले. मी वळणार तेवढ्यात तो काचेशी आला. त्याचा चेहरा जरा लाजल्यासारखा झाला होता.

"एक काम न विचारता केलंय," तो म्हणाला. "मागचे दोन्ही शॉकअप मेले होते, म्हणून धक्के बसायचे. एका भंगारातल्या गाडीचे चांगले मिळाले, ते टाकलेत. त्याचे पैसे नकोत. पेशंटला सांगा, आता खुशाल मागे झोपून या. पोटातलं पाणी हलणार नाही."

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. सांगायला तोंड उघडलंही. पण तो इतक्या आशेने बघत होता.

"सांगते," मी म्हणाले.

काकूंचं ड्रेसिंग राहिलं होतं म्हणून मी तशीच टेकडीकडे निघाले. चढाच्या आधी रस्ता पाण्याच्या पाइपसाठी आडवा खणून ठेवला होता, चर नीट बुजवली नव्हती. गाडीला आता असा जोर आला होता की मी तिथे पोहोचले कधी ते मला कळलंच नाही. ब्रेक दाबेपर्यंत पुढची चाकं चरीत गेली आणि पाठोपाठ मागची. गाडी मागून वर उचलली गेली आणि अलगद खाली टेकली. पाळण्यातलं मूल जागं होणार नाही इतकं अलगद.

"झालं," मी म्हणाले.

मोठ्याने म्हणाले. खड्डा आला की हे डोळे मिटून घ्यायचे आणि गाडी सरळ झाली की मागून विचारायचे, "झालं?" मी म्हणायचे, "झालं." एवढंच बोलणं व्हायचं आमचं, सगळ्या रस्त्याभर, खड्ड्याखड्ड्याला. त्या दिवशी मला कुणी विचारलंच नव्हतं.

मी गाडी कडेला घेतली. डोळे मिटवताना कळलं नव्हतं, खुर्ची देऊन टाकताना कळलं नव्हतं, ते मला तिथे चरीच्या पलीकडे कळलं. हे नव्हते. धक्का न बसणारी गाडी मिळाली होती आणि हे नव्हते. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडले. वॉर्डात आयुष्य काढलेल्या बाईने रडू नये असं रडले, नाक वाहत, आवाज काढून. इंजिन चालूच होतं. त्याचा आवाज अगदी एकसारखा येत होता.

मग पदराने तोंड पुसलं, ड्रेसिंगची पेटी बाजूच्या सीटवरून खाली सरकली होती ती सरळ ठेवली. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढून वर गेली. काकू दारातच बसल्या होत्या. म्हणाल्या, आज लवकर आलात, सिस्टर.

मी म्हटलं, हो. पाय इकडे करा.